बाळ कुठवर आलं?

बाळ जन्माला येतं म्हणजे नेमकं काय होतं? कळा येतात, बाळ खाली ढकललं जातं आणि बाहेर येतं, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात त्या काही तासांत ते चिमुकलं शरीर केवढ्या हिकमती करतं! आईच्या कटीची वाट वरच्या तोंडाशी आडवी रुंद असते आणि खालच्या तोंडाशी पुढून मागे. मग बाळ काय करतं? तोंड एका कुशीकडे वळवून आत शिरतं. हनुवटी छातीला टेकवतं, कारण तसं केलं की डोक्याचा सगळ्यात लहान घेर पुढे येतो, जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचा. पुढे पाव फेरा वळून तोंड आईच्या पाठीकडे करतं. वाट शेवटी पुढच्या बाजूला वळते, तेव्हा मान मागे टाकत डोकं वर काढतं. एवढ्यात कवटीची हाडंसुद्धा एकमेकांवर किंचित सरकलेली असतात!

हे सगळं घडतं ते दिसत नसताना. लेबर रूमच्या बाहेर आजी दर थोड्या वेळाने विचारते, "सिस्टर, बाळ कुठवर आलं?" आणि या प्रश्नाचं उत्तर पिढ्यानपिढ्या बोटांनी दिलं आहे. गावच्या सुईणीच्या बोटांनी, डॉ. वानलेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलातल्या हातांनी, आणि आज कराड, सातारा, सांगलीतल्या डॉक्टरांच्या बोटांनीही. कटीच्या आत दोन्ही बाजूंनी हाडांची दोन टोकं पुढे आलेली असतात. बाळाचं डोकं त्या टोकांच्या पातळीला आलं की 'शून्य', वर असेल तर उणे, खाली उतरलं की अधिक. बाळाची पुढची टाळू मोठी, चौकोनी. मागची छोटी, त्रिकोणी. ती चाचपडून तोंड कुठल्या बाजूला आहे ते ताडायचं. न दिसणाऱ्या बाळाचा असा नकाशा बोटांच्या टोकांवर उमटतो, हेच मुळात अजब आहे.

पण बोटं फसू शकतात. कळा लांबल्या की बाळाच्या टाळूवर सूज येते. सूज हाताला खाली लागते, कवटी मात्र अजून वरच अडकलेली असते. 2005 साली फ्रान्समधल्या लियाँ इथल्या संशोधकांनी एक यांत्रिक पुतळा घेतला. त्यात डोकं नेमकं किती खाली आहे हे यंत्राला ठाऊक होतं. डॉक्टरांना तपासायला सांगितलं, तर अनुभवी डॉक्टरांचेही किमान एक तृतीयांश अंदाज चुकले. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. प्रश्नच तेवढा अवघड आहे.

मग डोळ्यांना दाखवता आलं तर? ही वाट उघडली ती एका बॉयलरच्या कारखान्यामुळे! धातूत आत भेग राहिली आहे का, हे तो न फोडता ओळखायला कारखान्यांत ध्वनिलहरी वापरत. आपल्याकडे फाउंड्रीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. स्कॉटलंडमधले प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड 1955 साली रेनफ्रू गावच्या कारखान्यात गेले, ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी सोबत घेऊन. त्यांनी त्या लोखंड तपासणाऱ्या यंत्राला लावल्या. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे पडसाद वेगवेगळे आले. 1958 साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि सोनोग्राफी वैद्यकात शिरली.

हे यंत्र पाहतं कसं? साताऱ्याजवळ लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत वाकून हाक मारा. पाणी खोल गेलं असेल तर हाक जरा उशिराने परत येते, वर आलं असेल तर लवकर. यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, म्हणजे प्रोब, हेच करतो, फक्त त्याची हाक सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांची असते. आपला कान वीस हजारांच्या पुढे बहिरा! शरीरात आवाज सेकंदाला सुमारे 1,540 मीटर धावतो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या कवटीवर आपटून तो परत यायला सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो. यंत्र तेवढा क्षण मोजतं आणि असे असंख्य पडसाद जोडून चित्र काढतं.

आता लेबर रूममधला पडदा जवळून पाहू. पोटाच्या सोनोग्राफीचाच प्रोब, त्यावर जेल आणि हातमोजा चढवलेला. तो मांड्यांच्या मधे, बाहेरूनच, उभा टेकवतात. आत काही घालावं लागत नाही. पडद्यावर एका कडेला लांबट करडा आकार दिसतो, ते ओटीपोटाच्या खालचं समोरचं हाड. त्याच्या पलीकडे पांढरीशुभ्र कमान, ती बाळाची कवटी. हाडाच्या लांबीतून एक रेघ ओढायची. हाडाच्या खालच्या टोकापासून कवटीला स्पर्श करणारी दुसरी रेघ. दोन रेघांमधला कोन मोजला, की झालं! बार्बेरा आणि सहकाऱ्यांनी 2009 साली ही पद्धत मांडली. साधारण 116 अंश म्हणजे बोटांच्या भाषेतलं 'शून्य'. बाळ योग्य बाजूने वळलेलं असेल आणि कोन 120 अंशांच्या पुढे गेला, तर आपसूक बाळंत होण्याची शक्यता बरीच वाढते. आणि खरी गंमत पुढे आहे: कळ आली, आईने जोर लावला, की तो कोन डोळ्यांदेखत उघडत जातो. शाळेत भूमितीच्या तासाला मोजलेला कोन असा जिवंत होईल, हे कुणाला वाटलं असतं?

बाळ वळलं की नाही, याचं उत्तरही मिळतं. प्रोब ओटीपोटावर आडवा धरला आणि दोन डोळ्यांच्या खोबणी आपल्याकडे रोखलेल्या दिसल्या, तर बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे आहे. असं बाळंतपण बहुधा लांबतं. बाळ ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याआधी हे कळणं किती मोलाचं! 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या बोटांच्या तपासणीत शंभरांत वीस वेळा बाजू चुकली. सोनोग्राफीची जोड दिल्यावर दोनपेक्षाही कमी. मात्र त्याच अभ्यासात आई-बाळाला होणाऱ्या इजा घटल्याचं दिसलं नाही. अचूक दिसलं तरी पुढचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. म्हणूनच 'आयसुऑग' या जागतिक संस्थेच्या 2018 च्या सूचना सांगतात, की बोटांची तपासणी सोडू नका. बाळंतपण रखडलं, किंवा चिमटा-व्हॅक्यूमची वेळ आली, तर सोनोग्राफीची मदत घ्या.

आपल्या भागात हे सांगताना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुलगा की मुलगी ते पाहण्यासाठी याच यंत्राचा इथे मोठा गैरवापर झाला. 2011 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 867. हा गैरवापर रोखण्यासाठी यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा 'एफ फॉर्म' कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो असायलाच हवा. पण या कोनाच्या तपासणीत पडद्यावर असतं फक्त एक हाड आणि एक डोकं. मुलगा की मुलगी हा प्रश्न तिथे उरतच नाही. बाळ सुखरूप यावं, एवढ्यासाठीच हे पाहणं.

मला सगळ्यात भारावून टाकते ती या कोनाच्या आकड्याची ताकद. पाटणच्या डोंगरात किंवा जतच्या माळावर एखादी पहिलटकरीण अडली, तर कराड किंवा मिरज लांब असतं. थांबायचं की गाडी काढायची, हे वेळेत ठरवावं लागतं. 'डोकं जरा वरच वाटतंय' या वाक्यातलं 'जरा' प्रत्येकाचं वेगळं. पण 'तासापूर्वी 98 अंश होता, आत्ताही 98 आहे', हे फोनवर सांगितलं, की पलीकडच्या डॉक्टरला तेच चित्र दिसतं. तिथे प्रोब हाती असेल आणि कोन मोजायला शिकलेलं कुणी असेल, तर आजीच्या प्रश्नाला दोन्ही टोकांना एकच उत्तर मिळेल. शिकायला अवघड नाही: एक हाड, एक कमान, दोन रेघा. हे प्रत्येक तालुक्याच्या लेबर रूमपर्यंत पोहोचायला हवं.