चासी सांभाळा, गाडी सांभाळेल

जुन्या पिकअपला वरून रंग दिला की ती नवी दिसते. पण ओझे पेलते ती चासी. खताचा क्षार आणि ओला चिखल तिच्या खाचांत साचून लोखंड खातात.

गाडी नुसत्या जॅकवर तोलून खाली शिरू नका. भक्कम घोड्या लावा. सोड्याच्या पाण्याने चिखल व वंगण धुऊन चासी वाळू द्या. हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला तर आधी जाणत्या वेल्डरला दाखवा.

तारेच्या ब्रशने गंजाचे पोपडे काढा, पॉलिश पेपरने घासा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. उघडे लोखंड लगेच गंजू लागते. तो वाळल्यावर काळ्या इनॅमलचे २ हात द्या. पाणी निथळण्याची भोके मात्र बुजवू नका. आत पाणी कोंडले तर नवा रंगही चासी वाचवणार नाही.