सव्वा हाताचं दुपटं

बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची नवीकोरी असली तरी चालतात. दुपटं मात्र आजीच्या लुगड्याचंच हवं, असा आमच्या घरचा दंडक. त्यात माया आहेच, पण कापडाची जाणही आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातली खळ केव्हाच निघून गेलेली असते, जायचा तो रंग गेलेला असतो आणि कापड आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. नवं-जुनं कापड एकत्र शिवलं, तर पहिल्याच धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि सगळी शिवण चुरगळून वर येते.

आता जरा हिशेब करू. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. मीटर-मीटरचे आठ तुकडे पाडले आणि चार-चार थर एकावर एक ठेवले, की एका लुगड्यात दोन चौघड्या. नावातच कृती सांगितलेली आहे: दोन पदरांचं दुपटं, चार घड्यांची चौघडी! आणि टाके? धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटिमीटरवर घेतल्या, तर मीटरभरात पन्नास ओळी. एका ओळीत शंभर टाके धरा. पाच हजार टाके झाले. बाळ मात्र त्यावर निवांत पाय झाडत असतं.

माझं दुपटं मी अजून जपून ठेवलंय. मधोमध आजीच्या हिरव्या लुगड्याचा चौकोन, भोवती आईच्या चोळीच्या खणाचे त्रिकोण आणि एका कडेला बाबांच्या सदऱ्याची पट्टी. त्या पट्टीवर काजाचं एक भोक तसंच राहिलंय. लहानपणी मी त्यात बोट घालून झोपायचे म्हणे. नमुना गावातल्या कुठल्याही गोधडीचा, पण ते भोक फक्त आमच्या घरचं. छोट्या गोधडीची सगळी गंमत मला तिथेच दिसते.

ही गंमत फक्त आमच्याकडची नाही. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दी बायकांची गोधडी, म्हणजे ‘कवंदी’ पाहिलीत, तर हातातलं काम बाजूला ठेवाल. सिद्दींचे आफ्रिकी पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्याच्या वाटेनेही इकडे आणले गेले, आणि त्यांच्यातले बरेच जण आजही घरात कोकणी बोलतात. कवंदी कडेपासून सुरू होते. काठ आत दुमडत, ठिगळ लावत, चौकोनी फेरे घेत बाई मध्यापर्यंत पोचते. काठ आधीच दुमडलेला असल्याने शेवटी वेगळी किनार लावावी लागत नाही. कुणी त्यात क्रूस बसवतं, कुणी चंद्रकोर. सर्वात शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे छोटे त्रिकोण. त्यांना म्हणतात फूल! फुलं नसली तर कवंदी उघडी, म्हणजे अपुरी.

बिहारची ‘सुजनी’ही मुळात नवजात बाळासाठीच. चिंध्यांची देवी चितिरिया माई तिच्याशी जोडलेली आहे: तुकडे जोडले, तर बाळाचं आयुष्यही सांधलेलं राहतं. चीनमध्ये तर बाळाच्या गोधडीसाठी शंभर घरांतून कापडं मागायची जुनी रीत, म्हणजे शंभर घरांचा आशीर्वाद एका पांघरुणात.

बंगाली बायकांनी आपल्या गोधड्यांमध्ये, म्हणजे कांथ्यांमध्ये, छोट्या कांथ्यांचे सगळ्यात जास्त लाड केले. आरसा-फणी गुंडाळायला वेगळी, पोथ्या बांधायला वेगळी, उशीवर घालायला वेगळी! मध्ये बहुधा कमळ, आणि भरतकामाचा दोरा जुन्या साडीच्या काठातून उसवून काढलेला. म्हणजे कापडही घरचं, दोराही घरचा.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या जेन स्टिकल या बाईने यादवी युद्ध चालू असताना, 1863 साली एक गोधडी पुरी केली. ती काही छोटी नाही, पण तिच्यातले चौकोन तळहाताएवढे: 169 चौकोन आणि सगळे वेगवेगळ्या नमुन्यांचे. एका कोपऱ्यात तिने टाक्यांनी लिहून ठेवलंय, की युद्धकाळ आहे आणि तुकडे 5602 आहेत. तिने ते मोजले होते! आज जगभरच्या बायका त्यातला एकेक चौकोन शिवून बघतात.

आणि अलाबामातल्या जीज बेंड गावची मिझुरी पेटवे. 1942 मध्ये नवरा गेल्यावर तिने त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून गोधडी शिवली, त्याची आठवण अंगावर घेऊन ऊब मिळावी म्हणून. त्याच्या विजारींचे विटलेले गुडघे आजही त्या गोधडीत दिसतात. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी थांबावं लागतं.

तुम्हाला गोधडी शिवायची असेल, तर सव्वा हातापासून सुरुवात करा. एवढं काम मांडीवर मावतं. थर सपाट अंथरून आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, नाहीतर खालचा थर सरकतो. पॉलिस्टर बाळाच्या अंगाला लावू नका, घाम टिपत नाही. नमुना कुठला घ्यायचा याची फार चिंता नको. कुणाकुणाचे कपडे घ्यायचे, हे मात्र शांतपणे ठरवा.

मी सध्या भाचीच्या बाळासाठी एक शिवतेय. आजीचं लुगडं संपलं, म्हणून मधला चौकोन आईच्या इरकलीचा. सिद्दी बायकांकडून घेतलेली कोपऱ्यांची फुलंही लावलीत. तीन झाली. चौथ्यासाठी काल जावईबापूंनी त्यांच्या शाळेच्या खाकी चड्डीचा खिसा आणून दिलाय.