किडनीच्या आजारात केस आणि नखे का बदलतात?

"एवढा मोठा आजार, आणि तुम्ही केसांचं काय घेऊन बसलात!" किडनीच्या रुग्णांना घरी हे वाक्य अनेकदा ऐकावे लागते. त्यामुळे केस गळत असले तरी ते डॉक्टरांना सांगत नाहीत आणि जाहिरात पाहून गोळ्या किंवा पावडर सुरू करतात. खरा धोका इथेच असतो.

नखांत काय दिसते?

हाताच्या नखाचा मुळाकडचा भाग पांढरट आणि टोकाकडचा भाग लालसर-तपकिरी दिसतो, जणू नख दोन रंगांत विभागले आहे. याला 'अर्धे-अर्धे नख' म्हणतात. टोकाकडचा भाग दाबला तरी त्याचा रंग पूर्ण जात नाही. या बदलाने त्रास होत नाही आणि त्याला वेगळे औषधही लागत नाही. किडनी प्रत्यारोपणानंतर तो बहुधा नाहीसा होतो.

रक्तातील अल्ब्युमिन फार कमी झाले तर नखांवर आडव्या पांढऱ्या रेषांच्या जोड्या दिसतात. लोह कमी असेल तर नखे पातळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात. मोठ्या आजारपणात नखाची वाढ काही काळ थांबते आणि तिथे आडवी खाच उमटते. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, म्हणून ही खाच पुढे सरकून निघून जायला काही महिने लागतात.

केस का गळतात?

केस कोरडे, निस्तेज आणि विरळ होण्यामागे सहसा एकच कारण नसते. रक्त कमी असणे, लोह, झिंक किंवा प्रथिने कमी पडणे, थायरॉइडचा विकार, डायलिसिसच्या वेळी दिले जाणारे हेपॅरिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांपैकी काहीही असू शकते. गंभीर आजारपणानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम केसगळती सुरू होते. हे केस बहुधा पुन्हा येतात, पण त्याला वेळ लागतो.

स्वतःहून हे घेऊ नका

- व्हिटॅमिन ए असलेल्या गोळ्या: किडनीच्या आजारात हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि जास्त झाले की त्यानेच केस गळतात.
- बायोटिन: यामुळे थायरॉइडसारख्या काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. घेत असाल तर तपासणीपूर्वी सांगा.
- प्रोटीन पावडर: डायलिसिस नसलेल्या रुग्णाला प्रथिने मोजून घ्यावी लागतात, तर डायलिसिसवर असलेल्याला ती जास्त लागतात. दोघांचा आहार सारखा नसतो.
- भस्मे आणि घटक न लिहिलेली चूर्णे: त्यांत जड धातू असल्यास किडनीला आणखी इजा होते.
- नखांच्या बुरशीवरील गोळ्या: काही गोळ्या किडनी कमजोर असताना चालत नाहीत.

मग काय करावे?

पुढच्या भेटीत केस आणि नखे डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, अल्ब्युमिन आणि थायरॉइड तपासले की बहुतेक वेळा कारण सापडते. नखे लहान ठेवा. किडनीच्या आजारात अंगाला खाज सुटते आणि खाजवून जखमा होतात. फिस्टुलाच्या हातावर तर मुळीच खाजवू नका, तिथला संसर्ग थेट रक्तात जाऊ शकतो. मधुमेह असेल तर पायाची नखे सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

किडनीचा आजार नसलेल्यांसाठी

नख पांढरे दिसले म्हणून घाबरू नका. असे बदल इतर आजारांतही दिसतात, कधी निरोगी माणसातही. नखांवरून किडनीचे निदान होत नाही. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासावे लागते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, तर नखे कशीही दिसोत, या दोन तपासण्या वर्षातून एकदा करून घ्या. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, फेसाळ लघवी किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही जाणवले तर वर्षाची वाट पाहू नका.