वाटली न जाणारी रक्कम

एक तारखेला पेटीत एक रुपया टाकायचा, दोन तारखेला दोन, तीन तारखेला चार. रोज दुप्पट. एकतीस दिवसांचा महिना संपला की पेटीत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ रुपये जमतात. म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १.

आता ही रक्कम सारखी वाटून बघा. दोघांत एक रुपया उरतो, तिघांतही एक, पाच जणांत दोन. कितीही माणसं बोलवा, काहीतरी उरणारच. वाटणी जमते ती दोनच प्रकारे: सगळी रक्कम एकट्याला, नाहीतर जितके रुपये तितकी माणसं. म्हणून ही मूळ संख्या.

पण हे ठरवायचं कसं? घातांक ३१ मूळ आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. ११ सुद्धा मूळच, तरी २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ आणि ते होतात २३ गुणिले ८९! तेव्हा भागून बघणं आलं. वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत, बघितलं तरी पुरतं. पण तिथवर मूळ संख्या पावणेपाच हजारांहून जास्त आहेत.

१७७२ मध्ये लेनर्ड ऑयलरने हे काम हातावेगळं केलं. तेव्हा तो पीटर्सबर्गला होता, वय पासष्टीचं, दृष्टी जवळजवळ गेलेली. सगळे भाजक तपासण्याऐवजी त्याने विचारलं, भाजक असलाच तर तो कसा असेल? फर्माच्या सिद्धांतावरून असं निघतं की अशा मूळ भाजकातून १ वजा केला तर उरलेल्याला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. भाजक विषम, म्हणजे ६२ नेही. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यायला हवी. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ येणारे आकडेच उरतात. असे पावणेचारशेच्या आत, आणि त्यांतल्याही फक्त मूळ संख्या बघायच्या. पहिलीच येते ३११! एकानेही भाग गेला नाही.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहिलं की याहून मोठी अशी संख्या कुणी शोधणार नाही, कारण या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्युकासने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं दाखवलं.

आणि उपयोग? संगणकाला फासे टाकायचे असतात तेव्हाची एक जुनी रीत अशी: एक संख्या घ्या, १६,८०७ ने गुणा, ऑयलरच्या संख्येने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. १ पासून २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय पहिली परत येत नाही. भाजक मूळ नसता, तर एवढी लांब फेरी झालीच नसती.