वीराचा वेष आणि प्रेक्षकांचा रुसवा

संमेलनाच्या नाटकांत मारुती रंगभूमीवर आला आणि त्यास शेपूटच नसलें, तर काय होईल? भाषण कितीहि पाठ असो, गदा कितीहि चकाकत असो, मागच्या बांकावरील एखादें लहान मूल उठून विचारील, "याचें शेपूट कोठें गेलें?" सारी सभा हंसेल, परंतु त्या मुलाचा प्रश्न चुकीचा होता असें कोणीहि म्हणणार नाहीं. शेपूट हा मारुतीच्या पोशाखाचा भाग नव्हे. ती त्याची ओळख आहे.

अमेरिकेंतील प्रेक्षक आपल्या टेलिव्हिजनवरील अतिमानवी वीरांविषयीं असाच प्रश्न आज कित्येक दशकें विचारीत आले आहेत. आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं पुष्कळांस सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन हीं नांवें तोंडपाठ आहेत. पालकांस तीं तितकीं परिचित नसतील; तथापि १९९७ सालीं दूरदर्शनवर सुरू झालेला 'शक्तिमान', त्याचा तो तांबडा वेष आणि छातीवरील सोनेरी चक्र त्यांतील अनेकांच्या स्मरणांत खास असेल. तें चक्र कोणी एके दिवशीं काढून टाकलें असतें तर आपण त्या वेळीं काय म्हटलें असतें, हें मनांत आणून त्यांनीं पुढील हकीकत वाचावी.

हे वीर जन्मले ते कागदावर. सुपरमॅन १९३८ सालीं, बॅटमॅन १९३९ सालीं व वंडर वूमन १९४१ सालीं, अशीं हीं तिन्ही पात्रें चित्रकथांच्या मासिकांतून प्रथम प्रकट झालीं. हीं मासिकें हलक्या कागदावर व मोजक्या रंगांच्या शाईंत छापीत असत. त्यामुळें ठळक तांबडा, निळा व पिवळा हे रंग चित्रकारांस सोयीचे पडले. हल्क नांवाच्या क्रोधी राक्षसाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. १९६२ सालच्या पहिल्या अंकांत तो करडा होता. परंतु ती करडी शाई पानोपानीं सारखी उठेना. तेव्हां दुसऱ्या अंकापासून त्यास हिरवा करण्यांत आलें. म्हणजे ज्या हिरव्या रंगावांचून आज हल्क ओळखूं यावयाचा नाहीं, तो रंग छापखान्याच्या अडचणींतून निघाला! पुढें १९७७ सालीं त्याची टेलिव्हिजन-मालिका निघाली, तेव्हां निर्माते केनेथ जॉन्सन यांस वाटलें कीं, क्रोधाचा रंग तांबडा, म्हणून हल्कहि तांबडा असावा. मूळ प्रकाशकांनीं ती सूचना साफ नाकारली. जॉन्सन यांनीं नायकाचें ब्रूस हें नांव बदलून डेव्हिड केलें, त्याचा पूर्वेतिहास बदलला, हल्कची वाचाहि काढून घेतली. तें सर्व चाललें. ती मालिका १९८२ पर्यंत चालली व लोकप्रिय झाली. कथेंत एवढी उलथापालथ सोसणाऱ्या माणसांस रंगाचा बदल मात्र सोसवत नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कागदावरच्या वेषास सुरकुती पडत नाहीं, त्याची शिवण दिसत नाहीं, तो घामानें भिजत नाहीं. जिवंत मनुष्यानें तोच वेष अंगावर चढविला कीं हे सर्व दोष एकदम उघडे पडतात, आणि त्यांत कॅमेऱ्याच्या आवडीनिवडीची भर पडते. १९५२ ते १९५८ पर्यंत चाललेल्या सुपरमॅनच्या मालिकेंत जॉर्ज रीव्ह्ज हा नट नायक होता. पहिल्या दोन हंगामांचें चित्रण कृष्णधवल होतें. पडद्यावर छटांचा भेद नीट उठून दिसावा म्हणून त्याचा वेष निळा-तांबडा न शिवतां तपकिरी व करडा शिवला होता. येथें वेष बदलला तो मूळ वेषासारखा दिसावा म्हणूनच, आणि घरीं बसलेल्या मुलांनीं आपल्या मनानें त्यास निळा-तांबडाच रंग दिला असावा. असा बदल प्रेक्षकांस खुपत नाहीं. खुपतो तो निराळ्या प्रकारचा बदल. त्याचें उत्तम उदाहरण वंडर वूमनचें आहे.

१९७४ सालीं ए. बी. सी. या प्रक्षेपण संस्थेनें वंडर वूमनचें एक चित्र दाखविलें. नायिका कॅथी ली क्रॉस्बी हिचे केस सोनेरी. अंगावर खेळाडूंच्या पोशाखासारखा बाह्यांचा वेष. अंगीं अतिमानवी बळ म्हणावें तर तेंहि नाहीं. चित्रकथेंतील काळ्या केसांची, मनगटावरील कड्यांनीं बंदुकीच्या गोळ्या अडविणारी रणरागिणी ज्यांच्या डोळ्यांपुढें होती, त्यांस ही कोणी दुसरीच बाई वाटली यांत नवल नाहीं. त्या चित्रावरून मालिका निघाली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, त्याच संस्थेनें लिंडा कार्टर हिला घेऊन नवें चित्र काढलें. मस्तकावर सोनेरी पट्टा, हातीं कडीं, कमरेस दोर, निळ्या वस्त्रावर पांढरे तारे, आणि कथा दुसऱ्या महायुद्धांतली, असें सर्व मुळाबरहुकूम होतें. चित्राच्या नांवांतच 'नवी' व 'मूळची' असे दोन शब्द शेजारीं शेजारीं घातले होते. एकच वस्तु नवी आणि मूळची कशी, हा प्रश्न व्याकरणाच्या तासास विचारण्याजोगा आहे. परंतु प्रेक्षकांस त्याचा अर्थ नेमका समजला. मागची चूक आम्ही सुधारली आहे, असें निर्माते त्यांतून सांगत होते. ही मालिका १९७९ पर्यंत चालली. मध्यंतरीं, १९७७ सालीं, ती दुसऱ्या संस्थेकडे गेली व कथा युद्धकाळांतून उचलून एकदम त्या वेळच्या वर्तमानकाळांत आणून ठेवण्यांत आली. तरी वेष तोच राहिला, नटी तीच राहिली, आणि प्रेक्षकहि राहिले.

तोच धडा २०११ सालीं पुन्हा गिरवावा लागला. एन. बी. सी. या संस्थेसाठीं नव्या वंडर वूमनचा नमुन्याचा भाग तयार होत असतां मार्च महिन्यांत एड्रिअन पालिकी या नटीचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. चकाकणारी निळी विजार आणि निळे बूट! हें वस्त्र रबराचें खेळणें दिसतें, असा एकच ओरडा झाला. थोड्याच दिवसांत चित्रीकरणाच्या जागीं ती दिसली तेव्हां बूट तांबडे झाले होते आणि विजारीची चकाकी कमी झाली होती. पण मालिका संस्थेनें घेतलीच नाहीं. ती वेषामुळें बुडाली असें म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. संस्था अशा वेळीं पुष्कळ गोष्टी तोलून पाहतात. प्रेक्षकांच्या शब्दानें बुटांचा रंग बदलतां येतो, इतकें मात्र त्यावरून सिद्ध झालें.

वेष हुबेहूब असूनहि रुसवा होऊं शकतो. १९६६ च्या जानेवारींत सुरू झालेल्या बॅटमॅनच्या मालिकेंत अ‍ॅडम वेस्ट याचा वेष चित्रकथेशीं पुष्कळच मिळता होता. परंतु मालिकेचा सूर थट्टेचा. मारामारी चालू असतां ठोशांचे आवाज मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटत. मुलांनीं ती साहसकथा म्हणून पाहिली, वडीलधाऱ्यांनीं विनोद म्हणून पाहिली, आणि बॅटमॅनवर खरी निष्ठा असलेल्या कित्येक वाचकांस ती आपल्या वीराची विटंबना वाटली. १९६८ पर्यंत १२० भाग होऊन ती संपली, पण सल राहिला. वीस वर्षांनंतर, १९८८ सालीं, नव्या चित्रपटांत बॅटमॅनच्या भूमिकेसाठीं विनोदी भूमिकांबद्दल प्रसिद्ध असलेल्या मायकेल कीटनची निवड झाली, तेव्हां पुन्हा थट्टाच होणार या भीतीनें हजारों लोकांनीं निषेधाचीं पत्रें धाडलीं. चित्रपट १९८९ सालीं आला, आणि भीति व्यर्थ ठरली. आम्हांस कीटनचा वेष त्याच्या मानेस जरा जड झालेला दिसतो, पण अभिनयास नांव ठेवण्यास जागा नाहीं.

'स्मॉलव्हिल' या मालिकेनें याच्या अगदीं उलट मार्ग धरला. २००१ सालीं ती सुरू करितांना निर्मात्यांनीं दोन नियम घालून घेतले: नायक उडणार नाहीं, आणि तो तो प्रसिद्ध वेषहि घालणार नाहीं. सुपरमॅन होण्यापूर्वींचा खेड्यांतील शाळकरी मुलगा दाखवावयाचा असल्यामुळें नियम योग्य होता, व प्रेक्षकांनींहि तो मानला. पण मालिका चालली दहा वर्षें! इतकी प्रतीक्षा केल्यावर शेवटच्या भागांत तरी टॉम वेलिंग हा नायक निळ्या-तांबड्या वेषांत डोळे भरून पाहावयास मिळेल, अशी आशा ठेवणें गैर नव्हतें. १३ मे २०११ रोजीं तो भाग आला. दूर अंतरावर यंत्रानें काढलेली एक उडती आकृति दिसली. जवळून दिसला तो नायकाचा चेहरा, आणि अखेरीस सदरा उघडून छातीवरचें अक्षर. पुष्कळ प्रेक्षकांस हा विश्वासघात वाटला. आम्हांस विश्वासघात हा शब्द जड वाटतो, परंतु तक्रार खरी वाटते. दहा वर्षें 'उद्यां, उद्यां' म्हणून सांगितलेली मिठाई शेवटीं खिडकीआडूनच दाखविली, तर मुलानें रडूं नये काय?

आतां कथानकाकडे वळूं. प्रेक्षकांच्या हातीं लेखणी द्यावी किंवा नाहीं, याचा प्रयोग चित्रकथांच्या प्रकाशकांनीं १९८८ सालींच केला होता. बॅटमॅनचा बालसाथी दुसरा रॉबिन मरावा कीं जगावा, याविषयीं त्यांनीं वाचकांचीं मतें टेलिफोनवरून घेतलीं. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. अवघ्या ७२ मतांनीं तो मुलगा मेला. निकाल ऐकून अनेकांस स्वतःचीच लाज वाटली असेल.

टेलिव्हिजनवर अशी उघड मतमोजणी होत नाहीं, तरी प्रेक्षकांचा कल कथेंत झिरपतो. २०१२ सालीं सुरू झालेल्या 'ॲरो' या धनुर्धराच्या मालिकेंत फेलिसिटी नांवाची एक यंत्रकुशल मुलगी एकाच भागापुरती योजिली होती. एमिली बेट रिकर्ड्झनें ती इतकी गोड उभी केली कीं, दुसऱ्या हंगामापासून ती मुख्य पात्रांत जाऊन बसली व पुढें नायकाची पत्नी झाली. पण चित्रकथांत नायकाचें मन ब्लॅक कॅनरी या वीरांगनेवर जडलेलें. ती कॅनरी १९४७ पासूनची. तेव्हां चाहत्यांत दोन तट पडले. एप्रिल २०१६ मध्यें मालिकेनें कॅनरीसच मारून टाकिलें, आणि तिच्या बाजूच्यांचा संताप अनावर झाला. केवळ ती मेली म्हणून नव्हे, तर इतक्या जुन्या वीरांगनेचें मरण इतरांच्या कथेस धक्का देण्यापुरतें वापरलें म्हणून. ही तक्रार कलेच्या दृष्टीनेंहि वजनदार आहे. पुढें तीच नटी, केटी कॅसिडी, दुसऱ्या एका पृथ्वीवरील त्याच चेहऱ्याची स्त्री म्हणून परत आली. अशा कथांत मरणास फारशी मुदत नसते.

तक्रारीविना झालेले चांगले बदलहि आहेत. 'सुपरगर्ल' मध्यें मेलिसा बेनोइस्ट २०१५ पासून आंखूड परकर घालून उडत होती. दुसऱ्या हंगामापासून चित्रीकरण कॅनडांतील थंड व्हँकूव्हर शहरीं होऊं लागलें. २०१९ सालीं तिला विजार मिळाली, आणि कित्येकांनीं तिचें स्वागत केलें. 'फ्लॅश' या धांवणाऱ्या वीराचे मुळांतले सोनेरी-पिवळे बूट मात्र २०१४ पासून सात वर्षें वाट पाहून २०२१ सालीं आले. ज्यांनीं ती वाट पाहिली त्यांच्या चिकाटीस आम्ही नमस्कार करितों!

येथवरच्या साऱ्या तक्रारी वस्त्राविषयीं व कथेविषयीं होत्या. २०१८ सालीं 'टायटन्स' मालिकेच्या वेळीं जें झालें तें निराळें. स्टारफायर हें परग्रहावरील, नारिंगी कातडीचें पात्र. ती भूमिका सेनेगल देशांत जन्मलेल्या ॲना डिओप या कृष्णवर्णी नटीस मिळाली. उघड्यावर चित्रीकरण चालू असतां कोणीं तरी घेतलेलीं छायाचित्रें बाहेर पडलीं. त्यांतील तिचा वेष फसला होता, हें आमचेंहि मत आहे, आणि तें सांगण्यांत गैर कांहींच नव्हतें. पण पुष्कळांनीं वेष सोडून तिच्या वर्णावर तोंड टाकिलें. जिचें कातडें खरोखर नारिंगी अशी स्त्री पृथ्वीवर कोठेंच नाहीं. मग मुळाबरहुकूम हवें ही सबब येथें टिकते कशी? मारुतीचें शेपूट विचारणारें मूल नाटकांतल्या मारुतीकडे पाहत होतें. या लोकांची दृष्टि मात्र भूमिकेवर नव्हती, ती करणाऱ्या मुलीवर होती. तिला आपल्या चित्रांखालीं लोकांनीं लिहिण्याची सोय बंद करावी लागली.

मालिकेच्या तिसऱ्या हंगामांत, २०२१ सालीं, स्टारफायरला चित्रकथेंतल्यासारखा जांभळा वेष मिळाला, आणि तो शोभला. नटी बदलली नाहीं. २०२३ सालीं मालिका संपेपर्यंत, चारहि हंगाम, ती भूमिका ॲना डिओप हिनेंच केली.