स्विचच झाला कंट्रोलर : छोट्या ऑफिसचं वायफाय

मागच्या भागात आपण पीओई पाहिलं, म्हणजे डेटाच्याच केबलमधून वीज कशी जाते ते. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ऑफिसात एक चांगला स्विच आधीच असेल, तर वायफाय सांभाळायला वेगळा कंट्रोलर घ्यायलाच हवा का?

हा प्रश्न मला भिलाईत, सुपेला भागातल्या एका ऑफिसात विचारला गेला. तीन मजले, बावीस माणसं. पोलाद कारखान्यात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांचं कागदोपत्री काम तिथे चालतं : हजेरी, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयचा भरणा. मालक आपल्या विदर्भातले. वडील कारखान्यात लागले तेव्हा लहानपणीच इथे आलेले. मी त्यांना काका म्हणतो.

काका म्हणाले, "अरे, प्रत्येक मजल्यावर वायफायचा डबा आहे. तरी मी जिना चढलो की फोन कटतो. वर पोचलो तरी मोबाइल खालचंच वायफाय धरून बसतो. आता एक जण म्हणतो कंट्रोलर घ्या. किंमत ऐकून मीच कटलो!"

आधी हा कंट्रोलर काय करतो ते बघू. तीन ॲक्सेस पॉइंट सुटेसुटे लावले, तर ते एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखे असतात. तिघेही एकाच चॅनलवर ओरडतात. पासवर्ड बदलायचा तर तीन ठिकाणी बदलायचा. कंट्रोलर त्यांच्यावर एक कारभारी नेमतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. ते तो वाटून देतो, कुणी किती जोरात प्रक्षेपण करायचं ते ठरवतो. मोबाइलनं एकदा दिलेली ओळख दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटलाही कळवतो, त्यामुळे मजला बदलताना सगळं लॉगिन पहिल्यापासून होत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. कोणता ॲक्सेस पॉइंट धरायचा आणि कधी सोडायचा, हा निर्णय शेवटी मोबाइलचाच असतो. कंट्रोलर त्याला नुसती वाट दाखवतो.

हे बोलणं होतं कॅपवॅप नावाच्या नियमांनी. ते २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात दोन वाटा आहेत. यूडीपी पोर्ट ५२४६ वरून हुकूम जातात आणि ५२४७ वरून माणसांचा डेटा. जुन्या पद्धतीत हा डेटा आधी वेगळ्या कंट्रोलरकडे जायचा आणि मग तिथून पुढे.

आता स्विचकडे येऊ. नाही तरी प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची केबल स्विचमध्येच येते, वीजही तिथूनच जाते. मग कारभारीही तिथेच का बसवू नये? सिस्कोनं २०१३ साली कॅटॅलिस्ट ३८५० मध्ये हेच केलं. कॅपवॅपची वाट थेट स्विचमध्येच संपायची. सुरुवातीला एका स्विचवर ५० ॲक्सेस पॉइंट आणि २००० उपकरणं चालायची. धाकट्या ३६५० वर २५ आणि १०००. काकांना चार ॲक्सेस पॉइंट पुरेसे होते. त्यांच्याकडे असाच कंट्रोलर पोटात असलेला एक वापरलेला स्विच होता, म्हणून मी होकार दिला.

लावताना चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, लायसन्स. सगळ्यात खालच्या दर्जाच्या लायसन्सवर कंट्रोलर चालत नाही, आणि ॲक्सेस पॉइंटच्या संख्येचं लायसन्स वेगळं असतं.

दुसरी, केबल. या पद्धतीत ॲक्सेस पॉइंट थेट त्याच स्विचमध्ये लावावा लागतो. मी एक ॲक्सेस पॉइंट दुसऱ्या मजल्यावरच्या पाच पोर्टच्या साध्या डबीतून घेतला आणि अर्धा दिवस डोकं खाजवत बसलो. थेट केबल ओढली, तेव्हा तो काही मिनिटांत जोडला गेला.

तिसरी, व्हीलॅन. ज्या पोर्टवर ॲक्सेस पॉइंट आहे ते पोर्ट ॲक्सेस मोडमध्ये आणि वायरलेस मॅनेजमेंटच्याच व्हीलॅनमध्ये हवं. देशाचा कोडही भारताचा टाका.

चौथी, विजेचा हिशोब. साध्या पीओईत एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट धरा. चार ॲक्सेस पॉइंटचे झाले ६१.६. सात वॅटचे आठ फोन, म्हणजे ५६. एकूण ११७.६ वॅट. कॅमेरे लावणार असाल तर त्यांचेही मिळवा आणि मग स्विचची क्षमता बघा.

सगळं छान चाललं. काका फोनवर बोलत बोलत तिन्ही मजले चढले, कॉल तुटला नाही. आता माझी चूक सांगतो, कारण आजचा खरा धडा तोच आहे.

काही महिन्यांनी मी विचार केला, स्विचचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, नवीन टाकू. तारीख होती १४. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर अपग्रेड केलं. स्विच पुन्हा सुरू झाला, केबलवरचे संगणक चालू झाले, पण वायफायचं एकही नाव दिसेना. वायरलेसच्या सेटिंग शोधतोय, तर त्या जागेवरच नाहीत! नंतर रिलीज नोट्स उघडल्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की या आवृत्तीत ही सोय नाही. ३८५० आणि ३६५० वर ही सोय १६.३ मालिकेपर्यंतच होती. मी वाचलंच नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी १५ तारीख. मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय भरायची शेवटची तारीख. उशीर झाला तर ठेकेदाराला व्याज लागतं, आणि मजुराच्या खात्यात त्याचे पैसे उशिरा दिसतात. लॅपटॉप सगळे वायफायवर.

सकाळी काका आले. मी सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी चलान भरू, मग तुला रागावतो." तळमजल्यावरचे दोन संगणक केबलवर होते. त्यांच्यावर पाळीपाळीनं बसून मुलींनी दुपारपर्यंत सगळे भरणे केले. मी तोवर जुन्या आवृत्तीवर परत जात होतो. जुन्या सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर ठेवली होती, तेवढंच एक शहाणपण. परत जातानाही प्रत्येक ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरकडून आपलं जुनं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेतो आणि रीस्टार्ट होतो, म्हणून त्यालाही वेळ गेला.

म्हणून मंडळी, माझं मत ऐका. स्विचला कंट्रोलर करणं चूक नाही. एक डबा कमी, एक प्लग कमी, खर्च कमी. पण वायर, वीज आणि वायफाय या तिन्ही गोष्टी मग एकाच खुंटीवर टांगलेल्या असतात. भिलाईत मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. जिन्याखालच्या बंद कपाटात तो स्विच तापून बंद पडला, तर तिन्ही गोष्टी एकदम बंद. कपाटाला जाळीचं दार आणि स्विचला यूपीएस हवाच.

आज नवीन घेत असाल, तर छोट्या ऑफिसला कारभारी ॲक्सेस पॉइंटच्याच पोटात असलेले किंवा क्लाउडवरून चालणारे पर्याय सोपे पडतात. मायक्रोटिकच्या राउटरओएस चालणाऱ्या स्विचवरही कॅप्समॅन नावाचा कंट्रोलर चालतो. तिथे डेटा ॲक्सेस पॉइंटवरूनच बाहेर सोडा, कारण अशा स्विचचा प्रोसेसर फार दमदार नसतो. आणि हातात जुना स्विच आहेच, तर तो बिनधास्त वापरा, पण तीन नियम पाळून. अपग्रेडच्या आधी रिलीज नोट्स वाचा. महत्त्वाच्या तारखेच्या आठवड्यात स्विचला हात लावू नका. आणि ज्या कामावर दुसऱ्याचे पैसे अवलंबून आहेत, ते काम करणारा निदान एक संगणक केबलवर ठेवा.

काका अजून मला रागावलेले नाहीत. पण त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या १० ते १५ तारखांना लाल गोल असतो, आणि त्याखाली माझं नाव लिहून पुढे फुली मारलेली असते.

पुढच्या भागात पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय कसं करायचं ते बघू. भेटूया.