पदवीधर मुलगा आणि आंकड्यांचा धंदा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे व मुली आतां गणित, संख्याशास्त्र किंवा कृषि या विषयांत पदवी घेऊन घरीं येतात आणि आपणांस ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ व्हावयाचें आहे असें सांगतात. हा धंदा काय, आणि त्यासाठीं शहरांतील शिकवणीवर्गाची भारी फी भरावी कीं काय, अशी शंका वडीलधाऱ्यांस येणें साहजिक आहे.

जमविलेल्या माहितींतून कामाचा निष्कर्ष काढणें, एवढाच या धंद्याचा अर्थ. शेतकऱ्यास तो परका नाहीं. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३२ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून पदवीधर झाले, लंडनास संख्याशास्त्र शिकले, आणि पुढें शेतांतील नमुन्याचा तुकडा कापून पिकाचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनीं देशांत रुजविली. तुकडा केवढा असावा यावर त्या काळीं मोठा वाद झाला. प्रा. महालनोबिस लहान तुकड्यांच्या पक्षाचे होते. तुकडा फार लहान घेतल्यास कडेवरचीं रोपें आंत धरण्याकडे मोजणाराचा कल होतो व उत्पन्न वाजवीपेक्षां अधिक दिसतें, हें सुखात्मे यांनीं प्रयोगानें दाखविलें.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. पांच मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकड्याचें वजन हेक्टरी उत्पन्न काढण्यासाठीं ४०० नें गुणावें लागतें. म्हणजे वजनांत एक किलोची चूक हेक्टरी चार क्विंटलांची होते. असे दहा तुकडे घेतले तर सरासरींत ती ४० किलो उरते. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाईचा निर्णय अशाच सरासरीवर ठरतो. उंबरठा उत्पन्नाच्या खालीं ती आली तरच पैसे. आंकडा शेतांत कसा जन्मला हें न विचारणारा पदवीधर कितीहि भारी संगणकावर बसला तरी आमच्या मतें कारकूनच.

शिकण्याचा क्रम असा ठेवावा: प्रथम स्प्रेडशीट, मग एस्‌क्यूएल, त्यानंतर पायथन किंवा आर. शेवटचीं दोन्ही फुकट मिळतात; त्यांच्यासाठीं कांद्याचे पैसे मोडण्याचें कारण नाहीं. त्याच कांद्याचे आपल्या बाजार समितींतील पांच वर्षांचे भाव मुलानें आगमार्कनेटवरून उतरवून घ्यावेत. बाजार बंद असल्या दिवशींचा भाव शून्य धरला तर सरासरी खोटी पडते. एका दिवसाच्या अवाच्या सवा भावानें ती फुगते, मध्यक मात्र फारसा हालत नाहीं. अशा अडचणी कशा सोडविल्या तें चार पानांत लिहून काढावें. बँक, विमा कंपनी किंवा बियाण्यांची पेढी यांच्याकडे मुलाखतीस जातांना प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षां हीं चार पानें अधिक उपयोगी पडतील.

सरकारी नोकरीची इच्छा असल्यास भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. तिच्यासाठीं पदवींत संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. म्हणून बारावीनंतर कॉलेजांत नांव घालतांनाच विषयांची यादी पाहून घ्यावी.